तीन अटींचा छायाचित्रकार : कनू गांधी

गांधीजींचे छायाचित्र पाहिले नाही असा माणूस आपल्या देशात सापडणे कठीण. शाळेच्या भिंतीवर, सरकारी कचेरीत, पाठ्यपुस्तकाच्या पानावर ते लहानपणापासून आपल्या नजरेसमोर आहेत. परंतु ही छायाचित्रे टिपली कोणी, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. सेवाग्राम आश्रमातील गांधीजींचे रोजचे जीवन ज्यांनी सुमारे दहा वर्षे कॅमेऱ्यात साठवले, त्या कनू गांधी यांचा परिचय म्हणूनच आपण करून घेतला पाहिजे.

प्रारंभी नावाचा एक घोटाळा दूर केलेला बरा. १९३७ साली मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर गांधीजींच्या काठीचे टोक धरून पुढे धावणारा मुलगा म्हणजे त्यांचा नातू, रामदास गांधींचा मुलगा कनू. आपले चरित्रनायक वेगळे. त्यांचा जन्म १९१७ सालचा. साबरमती आश्रमाची व्यवस्था ज्यांनी सांभाळली, त्या नारणदास गांधी यांचे हे चिरंजीव. नारणदास हे गांधीजींचे पुतणे लागत, म्हणजे कनू हे नात्याने गांधीजींचे चुलत नातू. आश्रमाचे संस्कार त्यांच्यावर घरातच झाले.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहावयास गेले. हेच गाव पुढे १९४० पासून सेवाग्राम म्हणून ओळखले जाऊ लागले. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर आणि विदर्भाचे कडक ऊन असा तेथला संसार. तरुण कनू येथे पत्रव्यवहार आणि हिशेब पाहण्याचे काम करीत. छायाचित्रणाचे वेड त्यांच्या मनात जागवले ते विनोबा भाव्यांचे बंधू शिवाजी भावे यांनी. कनूंनी आपली इच्छा गांधीजींच्या कानी घातली. परंतु आश्रमाच्या पैशातून कॅमेरा घेणे गांधीजींना मान्य होणे शक्यच नव्हते. पुढे त्यांच्याच शब्दावरून घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले आणि त्यांतून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्मचा एक रोल आला.

परवानगी मिळाली, पण तीन अटींवर. फ्लॅश वापरावयाचा नाही. छायाचित्रासाठी गांधीजींना कधी बसा, उभे राहा, इकडे पाहा असे सांगावयाचे नाही. आणि या छंदाचा खर्च आश्रमावर टाकावयाचा नाही. छायाचित्र काढणाऱ्याला प्रकाश, माणूस आणि पैसा या तीनच गोष्टी लागतात. त्या तिन्हींवर पहिल्याच दिवशी बंधन आले. दुसरा एखादा निराश होऊन कॅमेरा गुंडाळून ठेवता. कनूंनी मात्र या अटींमधूनच आपली कला घडवली.

या अटींचे वजन कळण्यासाठी तो कॅमेरा थोडा समजून घ्यावा लागेल. जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावच्या फ्रांके आणि हायडेके यांच्या कारखान्यात १९२९ पासून रोलायफ्लेक्स तयार होऊ लागला. त्याला एकावर एक अशी दोन भिंगे असतात. वरच्या भिंगातून पाहावयाचे, खालच्यातून चित्र फिल्मवर उतरते. छायाचित्रकार तो डोळ्याला लावीत नाही. कॅमेरा छातीशी किंवा पोटाशी धरून मान खाली घालून तो दुधी काचेवरची प्रतिमा पाहतो आणि तीही डावी-उजवी उलटी! समोरचा माणूस उजवीकडे चालू लागला तर काचेवर तो डावीकडे जातो. एका १२० नंबरच्या रोलवर सहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा बाराच चौकोनी प्रतिमा मिळतात. लहान फिल्मच्या कॅमेऱ्यात एका रोलवर छत्तीस छायाचित्रे येत. येथे बाराव्या छायाचित्राला रोल संपला. शिवाय त्या काळी फिल्म परदेशातून येई. ती जपून वापरणे भागच होते.

परंतु याच कॅमेऱ्याचे काही गुण आश्रमाला फार मानवले. याच्या शटरचा आवाज अगदी हलका असतो, त्यामुळे प्रार्थनेचा किंवा कामाचा भंग होत नाही. गांधीजी जमिनीवर बसत. त्यांच्याशेजारी मांडी घालून बसले आणि कॅमेरा मांडीपाशी धरला, की भिंग सहजच त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीवर येई. मान खाली घालून बसलेल्या या नातवाकडे कोणाचे लक्ष जाणार?

फ्लॅश नसल्याने काय अडचण येते, हे शिरगावच्या किल्ल्यात कॅमेरा घेऊन गेलेल्या आपल्यापैकी कोणालाही पटेल. आत कमानीखाली काळोख आणि बाहेर समुद्राकडचा लख्ख उजेड. आतले टिपावे तर बाहेरचे पांढरेफटक होते, बाहेरचे टिपावे तर आतले काळेकुट्ट. कृष्णधवल फिल्मवर रंगांचा आधार नसतो. उजेड आणि सावली यांच्यातल्या करड्या छटांवरच सारे चित्र उभे राहते. त्या वेळच्या फिल्मही आजच्या मानाने मंद होत्या. झोपडीतल्या अपुऱ्या प्रकाशात शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागे आणि तेवढ्यात समोरचा हात हलला की चित्र पुसट होई. कनूंची काही छायाचित्रे अशी पुसट, काही दाणेदार आहेत. पण चालणाऱ्या पायांची घाई त्या पुसटपणातूनच जाणवते. मातीच्या भिंतीवर पडलेली शुभ्र खादीची उजळ कड पाहिली की फ्लॅशची उणीव भासत नाही.

दुसऱ्या अटीमुळे त्यांना गांधीजींचे जे रूप मिळाले, ते बाहेरून येणाऱ्यांना दुर्मिळ होते. अमेरिकेच्या लाइफ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९४६ साली चरख्याशेजारी वाचीत बसलेल्या गांधीजींचे जगप्रसिद्ध छायाचित्र घेतले, ते फ्लॅशचे मोजके बल्ब घेऊन, ठरवून दिलेल्या वेळात. कनूंना वेळ ठरवून घ्यावी लागली नाही. टेलिफोनवर बोलणारे, वर्ध्याच्या उन्हाळ्यात डोक्यावर उशी घेतलेले, कुष्ठरोगाने ग्रासलेल्या परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा करणारे, आगगाडीच्या खिडकीतून हात पसरून हरिजन फंडासाठी पैसे गोळा करणारे गांधीजी आपल्याला त्यांच्याचमुळे दिसतात. यांत पुतळ्यातले महात्मा नाहीत, घरातले आजोबा आहेत. खर्चाची बाजू सांभाळण्यासाठी कनू वृत्तपत्रांना छायाचित्रे देत. कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने त्यांना त्यासाठी दरमहा शंभर रुपये आगाऊ दिले होते.

तीन अटींच्या पलीकडची कसोटी पुढे आली. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. त्याच आंदोलनात १४ ऑगस्टला आपल्या पालघरला पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले, हे येथील विद्यार्थ्याला सांगावयास नको. आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांची प्रकृती ढासळत गेली, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेसाठी कनूंना आत येऊ देण्यात आले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. कनू तेथे होते, परंतु तो क्षण टिपण्यास गांधीजींनी मनाई केली आणि कनूंनी ती मानली. इतिहासाच्या दृष्टीने ते मोठे नुकसान झाले असे कोणी म्हणेल. कनूंपुढे मात्र त्या वेळी इतिहास नव्हता, त्यांची बा होती.

त्याच वर्षी त्यांचा विवाह आश्रमातील आभा चटर्जी यांच्याशी झाला. १९४६ च्या अखेरीस नोआखालीच्या दंगलग्रस्त खेड्यांत गांधीजी पायी हिंडू लागले, तेव्हा हे दांपत्यही तेथे सेवेस गेले. कनू पुढेही त्याच कामावर राहिले. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीत गांधीजी प्रार्थनेला निघाले, तेव्हा त्यांच्या एका बाजूस आभा होत्या आणि दुसऱ्या बाजूस मनू. कनू दूर नोआखालीत होते. दहा वर्षे ज्यांनी गांधीजींना टिपले, ते त्यांच्या अखेरच्या दिवशी जवळ नव्हते, कारण गांधीजींनीच सोपवलेल्या कामावर ते होते. कॅमेरा की काम, असा प्रश्न आला तेव्हा कनूंनी काम निवडले.

नंतर हे पतिपत्नी राजकोटला स्थायिक झाले आणि त्याच परिसरात गांधीजींच्या विचारांनी सेवाकार्य करीत राहिले. २० फेब्रुवारी १९८६ रोजी यात्रेला गेले असता कनूंचे निधन झाले. त्यांच्या कामाकडे जगाचे लक्ष त्यानंतर गेले. १९९५ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरले आणि २०१५ साली दिल्लीच्या नजर फाउंडेशनने त्यांचा मोठा संग्रह पुस्तकरूपाने काढला.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि रोल कधी संपतच नाही. अपघात, आजार, अंत्ययात्रा, सारे काही टिपले जाते आणि समोरच्या माणसाला विचारण्याची आठवणही राहत नाही. कनू गांधींच्या दोन हजारांच्या आसपास छायाचित्रांइतकेच त्यांनी न काढलेले एक छायाचित्रही अशा वेळी काही शिकवून जाते. कॅमेरा हाती असूनही तो खाली कधी ठेवावा, हे ज्याला कळले त्याच्याच हाती लोकांनी आपले जिणे विश्वासाने सोपवावे.