ग्रेस हॉपर

ग्रेस हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी बालपणी त्यांनी घरातील गजराची सात घड्याळे उघडली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवून त्या पुढे नौदलात गेल्या व हार्वर्डच्या संगणकावर काम करू लागल्या. ९ सप्टेंबर १९४७ रोजी तेथील मार्क टू बिघडला. सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा एका रिलेत पतंग (किडा) अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. हा प्रसंग हॉपर पुढे आवर्जून सांगत. १ जानेवारी १९९२ रोजी त्या निवर्तल्या. आपल्या संगणक कक्षातील यंत्र अडले, तर त्याला बडवू नका. दोष शोधा आणि वहीत लिहून ठेवा.