पांडुरंग सदाशिव खानखोजे : परदेशांत गेलेले एक संशोधक

आपल्या जालना जिल्ह्यांत भोकरदन व जाफराबादकडे पावसाळ्यांत गेलें म्हणजे मक्याचीं हिरवीं शेतें दृष्टीस पडतात. जालना शहर तर संकरित बियाण्यांकरितां देशभर प्रसिद्ध आहे. येथेंच १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं आपली बियाणें कंपनी स्थापन केली. परंतु त्यापूर्वीं कित्येक वर्षें एका महाराष्ट्रीय गृहस्थानें दूर मेक्सिको देशांत मक्याच्या जातींवर संशोधन करून तेथील सरकारचा व शेतकऱ्यांचा आदर संपादन केला होता. आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या अनेक मुलांना परदेशीं जाऊन एंजिनिअरिंगचें अगर शास्त्राचें संशोधन करावें असें वाटतें. परक्या देशांत रहाण्याची व काम करण्याची परवानगी कशाच्या बळावर मिळते, हें त्यांस कळावें म्हणून या गृहस्थांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजीं वर्धा येथें झाला. तरुणपणींच देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास लागल्यामुळें त्यांनीं घर सोडलें आणि ते प्रथम जपानला व तेथून अमेरिकेस गेले. जवळ पैसा नव्हता. पडेल तें काम करून त्यांनीं ओरेगन व वॉशिंग्टन या संस्थानांतील महाविद्यालयांत शेतकीचा अभ्यास केला. त्याच वेळीं गदर पक्षाच्या उभारणींतही त्यांचा हात होता. पहिलें महायुद्ध सुरू होतांच ते तुर्कस्थानमार्गें इराणांत शिरले व ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. तेथें ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्ध संपलें तेव्हां स्वदेशाचें दार त्यांस बंद झालें होतें.

मग ज्या अमेरिकेंत शिक्षण झालें तेथें परत जावें, तर तोही मार्ग सोपा राहिला नव्हता. १९१७ सालच्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस तेथें प्रवेशबंदी केली. शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, स्थापत्य एंजिनिअर इत्यादिकांस त्यांत अपवाद होता खरा. परंतु १९२३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदी माणूस नागरिकत्वास पात्र नाहीं असा निकाल दिला, आणि १९२४ सालच्या कायद्यानें अशा अपात्र लोकांचें येणें आणखी अवघड केलें. विद्या अंगीं असूनही जन्मभूमि कोणती एवढ्यावरून माणूस नाकारला जाई.

अशा वेळीं १९२४ सालीं खानखोजे मेक्सिकोस गेले. त्या देशांत नुकतीच मोठी राज्यक्रांति होऊन गेली होती. मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून कुळांस जमिनी वांटण्याचें काम चाललें होतें. मात्र नुसती जमीन मिळून धान्य पिकत नाहीं, शेतकी शिकविणारीं माणसेंही लागतात. रामोन दे नेग्री नांवाचे त्यांच्या जुन्या ओळखीचे मेक्सिकन गृहस्थ शेतकी खात्यांत मोठ्या अधिकारावर राहिलेले होते. अशा स्नेह्यांच्या साह्यानें चापिंगो येथील राष्ट्रीय शेतकी विद्यालयांत खानखोजे यांस अध्यापकाची जागा मिळाली. ओळखीनें दार उघडलें, हें खरें. पण आंत राहूं दिलें तें त्यांच्या कामानें. त्यांनीं स्पॅनिश भाषा आत्मसात केली व त्याच भाषेंत ते शिकवूं व लिहूं लागले.

मक्याच्या झाडाच्या शेंड्यावरील तुरा म्हणजे नरफूल व कणसाचे केस म्हणजे स्त्रीफुलाचा भाग होय. एका जातीच्या तुऱ्यांतील पराग दुसऱ्या जातीच्या केसांवर टाकून नवी जात तयार करितां येते. तेओसिंते नांवाचें मक्याचें एक रानटी भावंड मेक्सिकोंत उगवतें. त्याचा व मक्याचा संकर करून खानखोजे यांनीं प्रयोग केले व नव्या जातींविषयीं पुस्तिका प्रसिद्ध केल्या. शिवाय गरीब शेतकऱ्यांकरितां त्यांनीं मुक्त शेतकी शाळा चालविल्या. प्रख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनीं तर आपल्या एका भित्तिचित्रांत पंक्तीला भाकर वाढणाऱ्या पुरुषाच्या रूपानें त्यांस रंगविलें. परक्या माणसास याहून मोठें प्रशस्तिपत्र तें कोणतें?

१९३६ सालीं बेल्जियन कुळांतील झान सिंडिक या बाईंशीं त्यांचा विवाह झाला व त्यांस दोन कन्या झाल्या. पुढें देश स्वतंत्र झाला. १९४९ सालीं मध्यप्रांत सरकारनें शेतकीविषयक सल्ल्यासाठीं त्यांस बोलाविलें. तथापि ब्रिटिश अमदानींतील बंदीच्या यादींत नांव तसेंच राहिल्यामुळें ज्या देशासाठीं आयुष्य उधळलें त्याच्याच दारांत त्यांस अडविण्यांत आलें! पुढें हा घोळ मिटला. १९५५ सालीं ते कायमचे परत आले आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं नागपूर येथें निवर्तले.

आतां काळ पालटला आहे. अमेरिकेनें १९४६ सालीं हिंदी लोकांस वर्षाला सुमारें १०० जागा दिल्या व १९६५ सालीं वंशावरून केलेला भेद काढून टाकला. आज नोकरीच्या आधारावर तेथें कायम वास्तव्याचे वर्षाला सुमारें १,४०,००० परवाने मिळतात. परंतु कोणत्याही एका देशास साधारणतः शेंकडा ७ हून अधिक मिळत नसल्यामुळें आपल्याकडील एंजिनिअरांस वर्षानुवर्षें तिष्ठत बसावें लागतें. अर्ज करणाऱ्या संशोधकास आपले प्रसिद्ध निबंध, इतर विद्वानांनीं घेतलेली त्यांची दखल व तज्ज्ञांचीं शिफारसपत्रें पुढें ठेवावीं लागतात.

आमचें सांगणें इतकेंच कीं, कायदे कोणी करावे हें आपल्या हातीं नाहीं. परंतु त्या देशाला ज्याची गरज आहे असें कांहीं आपणांस येतें कीं नाहीं, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. खानखोजे यांस एका देशानें हद्दपार केल्यासारखें वागविलें, दुसऱ्याच्या कायद्यानें अपात्र ठरविलें, तिसऱ्यानें पोटाशीं धरलें. माणूस तोच होता. म्हणून कोणी दार लावलें तर स्वतःस हलकें समजूं नये, आणि कोणी उघडलें तर त्या घराचें अन्न वाढविल्याशिवाय राहूं नये.