शाळामास्तरांचे सुवर्णपदक



बारामतीच्या खालच्या अंगाला सोनगावजवळ कऱ्हा नदी नीरेला मिळते आणि पुढे ते पाणी आपल्या इंदापूर तालुक्याच्या कडेने जाते. नदी तशी लहानशीच. परंतु तिच्या काठी वाढलेल्या एका मुलाने मोठेपणी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ असे नाव दिले आणि ही नदी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. तो मुलगा म्हणजे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे. कवी, नाटककार, संपादक, वक्ते अशी त्यांची अनेक रूपे आपण ऐकतो. आज मात्र त्यांच्याविषयी सांगायचे आहे ते चित्रपट दिग्दर्शक व पटकथाकार म्हणून. कारण चित्रपटासाठीचे देशातील पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविणारा हा माणूस मुळात एक शाळामास्तर होता.

अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोढीत या खेड्यात झाला. सासवडला प्राथमिक शिक्षण घेऊन ते पुण्यास गेले व १९१९ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.ए. झाले. पुढे पुण्याच्या लष्कर भागातील कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलात ते मुख्याध्यापक झाले आणि सुमारे अठरा वर्षे त्यांनी ती शाळा सांभाळली. शिकविण्याचे शास्त्र शिकण्यासाठी ते लंडनलाही गेले आणि १९२८ मध्ये तेथील विद्यापीठाची अध्यापनाची पदविका घेऊन परतले. परत आल्यावर मोठ्या नोकरीच्या मागे न लागता ते पुन्हा शाळेतच उभे राहिले. मुलांना वाचनाचा कंटाळा येतो यात दोष मुलांचा नसून पुस्तकांचा आहे, हे ओळखून त्यांनी ‘नवयुग वाचनमाला’ तयार केली. साधी भाषा, छोटी वाक्ये आणि गोष्टीतून शिकवण, ही त्या पुस्तकांची रीत होती. हीच रीत पुढे त्यांच्या पडद्यावर दिसते.

‘झेंडूची फुले’ या विडंबन कवितांनी आणि १९३३ च्या ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकाने त्यांचे नाव झाले होते. तेव्हा चित्रपटवाल्यांनी त्यांना बोलावले यात नवल नाही. मास्टर विनायक यांच्यासाठी त्यांनी ‘धर्मवीर’ (१९३७), ‘ब्रह्मचारी’ (१९३८), ‘ब्रँडीची बाटली’ (१९३९) असे चित्रपट लिहिले. ढोंगावर हसत हसत बोट ठेवावे आणि प्रेक्षकाने घरी जाऊन विचार करावा, असे ते लेखन होते. पुढे त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली.

परंतु त्यांचे खरे मोठे काम १९५३ साली झाले. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली होती. गुरुजीही अंमळनेरला शिक्षक होते. म्हणजे एका शिक्षकाचे पुस्तक दुसऱ्या शिक्षकाने पडद्यावर आणले. गुरुजी १९५० मध्येच गेल्यामुळे त्यांना मात्र हा चित्रपट पाहता आला नाही. पटकथा, दिग्दर्शन आणि निर्मिती अत्र्यांची, आईच्या भूमिकेत वनमाला आणि श्याम झाला माधव वझे.

या चित्रपटात आहे तरी काय? कोकणातले कर्जात बुडालेले घर, पोहायला भिणारा मुलगा आणि त्याची भीती घालविण्यासाठी प्रसंगी त्याच्यावर छडी उगारणारी आई. मुलाला मारताना तिच्याच डोळ्यांत पाणी येते. घरात पैसा नाही, म्हणून मुलाने लबाडी केलेली तिला चालत नाही. भारत सरकारने चित्रपटांसाठी पुरस्कार सुरू केले तेव्हा १९५३ सालचा उत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. बिमल रॉय यांचा गाजलेला ‘दो बिघा जमीन’ त्याच वर्षीचा होता व त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र मिळाले. यावरून त्या सुवर्णपदकाचे मोल कळेल.

दुसऱ्याच वर्षी अत्र्यांनी ‘महात्मा फुले’ काढला. बाबुराव पेंढारकर जोतिबा झाले, सुलोचनाबाई सावित्रीबाई झाल्या. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढून लोकांचा रोष ओढवून घेणाऱ्या पतिपत्नीची ही कथा. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात त्यांच्या सोबत असलेल्या फातिमाचेही नाव येते, हे आपल्या मुलींना अवश्य सांगावे. या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचे रौप्यपदक मिळाले. एक पदक आईच्या शाळेला आणि दुसरे मुलींच्या शाळेला, असेच म्हणावे लागेल.

अत्रे निर्दोष होते असे नाही. त्यांची जीभ आणि लेखणी फार तिखट होती आणि पुष्कळ माणसे त्यांनी दुखावली. पण १९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी ते जिवाच्या कराराने लढले, हेही तितकेच खरे. १३ जून १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पालकहो, शेवटी माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी नववीनंतर शाळेत येईनाशी झाली. घरी जाऊन तिच्या आईवडिलांशी बोलावे असे मला वाटत होते. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तिचे लग्न ठरल्याचे कळले. पुढे एकदा मुलांना ‘श्यामची आई’ दाखविला, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या आया पदराने डोळे पुसत होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना सही करता येत नव्हती. पण मुलाला कसे घडवावे हे त्यांना पडद्यावरून शिकवावे लागले नाही. मला मात्र त्या अंधारात ती नववीतली मुलगी आठवत राहिली. आता वर्गात कोणाचा बाक चार दिवस रिकामा दिसला, की पाचव्या दिवशी मी सायकल काढतो.

तुमच्या दारात असा एखादा मास्तर आला तर त्याला रागावू नका. चहा नाही दिला तरी चालेल, मुलीला मात्र शाळेत पाठवा.