सार्वजनिक काका

आमच्या वाशीमच्या एका संस्थेत तंटा झाला. वकील संस्थेचा की अध्यक्षांचा, हा वाद ऐकताना मला गणेश वासुदेव जोशी आठवले.

साताऱ्यात १८२८ साली जन्मलेले जोशी पुण्यात वकिली करीत. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी तक्रारी वाढल्या, तेव्हा १८७० साली त्यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभा निघाली. सभासदाला किमान ५० माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. पहिल्या ९५ सभासदांमागे सुमारे ६,००० माणसे होती. लोकांच्या वतीने बोलायचे, तर आधी त्यांची संमती हवी!

१८७९ साली बंडखोर वासुदेव बळवंत फडके यांच्या बचावासाठीही ते उभे राहिले. १८८० साली ते निवर्तले.

संस्थेचा वकील खुर्चीचा नव्हे, खुर्चीमागच्या माणसांचा; एवढे आम्ही विद्यार्थ्यांनी ध्यानी धरले तरी पुरे.