गोष्टी सांगणारे रब्बी नाहमान



पांढऱ्या विणलेल्या टोप्या घातलेली तरुण मुलं इस्राएलच्या रस्त्यांवर गाडीतून मोठ्याने गाणी लावतात आणि सिग्नलला उतरून नाचतात, हे आपण सर्वांनीच पाहिलं आहे. ही मुलं ज्यांचं नाव घेतात ते रब्बी नाहमान ब्रेस्लोव. तो नाच पाहून वाटतं, हे गृहस्थ फार सुखी असावेत. पण तसं नव्हतं.

नाहमान यांचा जन्म १७७२ साली आजच्या युक्रेनमधल्या मेझिबूझ गावी झाला. हसिदी पंथाचे संस्थापक बाल शेम तोव हे त्यांच्या आईचे आजोबा. घराणं मोठं, पण मुलाचा स्वभाव हळवा. लहानपणापासून उपास करायचे, एकांतात देवाशी बोलायचे आणि वारंवार मनाने खचायचे.

१७९८ साली एका सोबत्याला घेऊन ते पवित्र देशाकडे निघाले आणि नव्याच्या सणाच्या, म्हणजे रोश हशानाच्या, आदल्या दिवशी हैफाला उतरले. पुढे तिबेरियालाही राहिले. इतक्यात नेपोलियनची फौज आली. घाईघाईत ते चढले ते नेमकं तुर्की लढाऊ जहाज निघालं! शेवटी रोड्स बेटावरच्या यहुदी लोकांनी पैसे भरून त्यांना सोडवलं.

१८०२ साली ते ब्रेस्लोवला राहायला गेले. तिथे त्यांना नाथान नावाचे शिष्य मिळाले. गुरू बोलायचे आणि नाथान लिहून ठेवायचे.

१८०६ साली त्यांचा तान्हा मुलगा श्लोमो एफ्राइम वारला. त्याच्यावर बापाची मोठी आशा होती. त्याच उन्हाळ्यात नाहमान यांनी गोष्टी सांगायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की माणसं झोपलेली असतात. नुसत्या उपदेशाने ती जागी होत नाहीत, गोष्टीने होतात.

पहिली गोष्ट हरवलेल्या राजकन्येची. राजाच्या तोंडून रागाने एक शब्द जातो आणि मुलगी नाहीशी होते. प्रधान तिला शोधायला निघतो. ती सापडते, पण तिला सोडवण्याच्या ऐन दिवशी तो सफरचंद खातो आणि झोपी जातो. पुन्हा संधी मिळते, तेव्हा दारू पितो आणि सत्तर वर्षं झोपतो. दोनदा चुकूनही तो शोध सोडत नाही. शेवटी ती सुटते, पण कशी, ते रब्बींनी सांगितलंच नाही.

पुढच्याच वर्षी त्यांची बायको गेली. त्यांना स्वतःला क्षयरोग जडला. खोकत खोकत ते गोष्टी सांगत राहिले. १८१० साली ब्रेस्लोवचं घर जळालं, तेव्हा ते उमान गावी गेले. तिथे १७६८ च्या कत्तलीत हजारो यहुदी मारले गेले होते. त्यांच्याच कबरस्तानात आपल्याला पुरावं, अशी त्यांची इच्छा होती. अंगात त्राण उरलं नव्हतं, तरी तिथे जमलेल्या लोकांना ते बजावत राहिले की निराश व्हायचं नाही. त्याच वर्षी सुक्कोथच्या दिवसांत, अवघ्या ३८ व्या वर्षी, ते वारले.

त्यांची शेवटची गोष्ट सात भिकाऱ्यांची. रानात हरवलेल्या दोन मुलांना हे भिकारी भाकरी देतात आणि पुढे त्यांच्या लग्नात एकेक जण येऊन आशीर्वाद देतो. सहा येतात. सातवा, पाय नसलेला, अजून यायचाच आहे. गोष्ट तिथेच थांबते.

नाथान यांनी १८१५ साली या तेरा गोष्टी छापल्या, वर हिब्रू आणि खाली यिद्दिश, म्हणजे घरातल्या बायामाणसांनाही वाचता याव्यात. शिष्यांनी त्यांच्या जागी दुसरा गुरू कधी नेमला नाही. आजही नव्याच्या सणाला हजारो लोक उमानला जातात.

आपल्या वाडवडिलांनीही मराठी कीर्तनांतून योसेफाची कथा ऐकली. खड्ड्यात टाकलेला पोरगा पुढे सगळ्या घराला जगवतो, हे त्यांना पाठ होतं. नाहमान यांनी दुःख झाकलं नाही. ते सोसत असतानाच गोष्ट सांगितली. आपल्याही घरात कोणी खचलेलं असेल, तर उपदेश राहू द्या. जवळ बसा आणि एखादी गोष्ट सांगा.