घरांच्या पोटातली बाग

मंद्रूपला आमच्या घरामागच्या बोळात एक लिंबाचे झाड आहे. चारी बाजूंना घरांच्या पाठी, मध्ये एवढीशी मोकळी जागा. विजापूर रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसतही नाही. आता तिथे गाळे काढायचे घाटत आहे. ते ऐकले आणि मला पॅट्रिक गेडिस आठवले.

1854 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. 1879 मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. सूक्ष्मदर्शक सुटला; पुढे ते माणसांच्या वस्त्या न्याहाळू लागले. लग्नानंतर एडिंबरोच्या कळकट जुन्या वस्तीतच त्यांनी पत्नी अ‍ॅनासह बिऱ्हाड थाटले आणि घरांमधल्या पडीक तुकड्यांत बागा फुलवल्या.

1914 मध्ये ते भारतात आले. आपली गावे त्यांनी पायी हिंडून पाहिली. रुंद रस्त्यासाठी अख्खी आळी पाडण्यापेक्षा एखादे पडके घर काढावे आणि तिथे झाड लावावे, असे त्यांचे मत होते. 1917 मध्ये मुलगा फ्रान्सच्या आघाडीवर पडला, पाठोपाठ अ‍ॅनाही इथेच वारल्या. तरीही काम थांबले नाही. प्लेगने गांजलेल्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. जी आळी स्वच्छ, तिथूनच मिरवणूक जाणार! घरोघर झाडलोट सुरू झाली. 1919 मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले.

1925 मध्ये त्यांनी तेल अवीवचा आराखडा केला. मोठे रस्ते बाहेरून, आत लहान गल्ल्या, आणि घरांच्या पोटात एकेक छोटी बाग. आईला खिडकीतून पोर दिसावे इतकी जवळ. त्यांतल्या काही बागांवर पुढे बांधकामे झाली, काही आजही आहेत. 1932 मध्ये फ्रान्समध्ये गेडिस यांचे निधन झाले.

बँकेत असताना गृहकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या हाताखालून गेल्या. ले-आउटच्या नकाशात मोकळ्या जागेचा हिरवा चौकोन असायचा. मी शिक्का तपासला, उतारा तपासला, सही केली. तो चौकोन जागेवर आहे का, हे पाहायला मात्र एकदाही गेलो नाही. निवृत्तीनंतर अशाच एका वसाहतीत गेलो, तर तिथे पत्र्याची शेड उभी होती.

गाळ्यांविषयी बोलायला येत्या आठवड्यात शेजारी जमणार आहेत. मी जाणार आहे. या वेळी सही करायच्या आधी सर्वांना त्या लिंबाखाली बसवीन म्हणतो.