महात्मा जोतीराव फुले व शाळांची सुधारणा

शाळा काढण्यास एक दिवस पुरतो; परंतु ती चांगली चालविण्यास व आपल्यामागें पुढील पिढ्यांच्या उपयोगीं पडेल अशी करून ठेवण्यास सारें आयुष्यही अपुरें पडतें. ही गोष्ट ज्यांच्या चरित्रावरून आमच्या विद्यार्थी मित्रांस उत्तम रीतीनें समजेल, अशा एका थोर पुरुषाची ओळख आम्ही येथें करून देत आहों. ते पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव गोविंदराव फुले होत.

जोतीरावांचा जन्म इ. स. १८२७ सालीं झाला. त्यांचें घराणें माळी जातीचें. मूळचें आडनांव गोऱ्हे. परंतु वडीलधारी मंडळी पेशव्यांच्या येथें फुलें पुरवीत असत, त्यावरून फुले हेंच नांव पुढें रूढ झालें. आई चिमणाबाई ह्या मुलाच्या बालपणींच वारल्या. तेव्हां सगुणाबाई नांवाच्या एका नातलग बाईंनीं त्यांचें संगोपन केलें. गोविंदरावांनीं मुलास शाळेंत घातलें खरें, पण कांहीं वर्षांनीं लोकांच्या सांगण्यावरून त्यास काढून घेतलें व मळ्याच्या कामास लावलें. त्या काळीं असें होणें कांहीं नवल नव्हतें. परंतु शेजारीं राहणारे मुन्शी गफारबेग व लिजिट साहेब ह्या दोघां सद्‌गृहस्थांनीं मुलाची हुशारी पाहून गोविंदरावांचें मन वळविलें. १८४१ मध्यें जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत पुनः दाखल झाले व १८४७ पर्यंत तेथें शिकले. शेजाऱ्यांनीं वेळींच शब्द टाकला नसता, तर हें शिक्षण तेथेंच संपलें असतें. एका मुलाचें शिक्षण किती बारीक धाग्यावर लोंबकळत असतें, हें जोतीरावांस स्वानुभवानें ठाऊक झालें.

शिक्षण पुरें झाल्यावर सरकारी नोकरी पाहणें हा सोपा मार्ग होता. जोतीरावांनीं तो पत्करला नाहीं. अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फरार ह्या मुलींची शाळा चालवीत असत. ती त्यांनीं पाहिली आणि पुण्यासही अशी शाळा असावी असें त्यांच्या मनानें घेतलें. बुधवार पेठेंत, आज जेथें दगडूशेठ हलवाई गणपतीचें मंदिर आहे त्याच्या समोर, भिडे यांचा वाडा होता. ह्या वाड्यांत १८४८ सालीं त्यांनीं मुलींची शाळा उघडली. एतद्देशीय गृहस्थानें मुलींकरितां काढलेल्या अगदीं आरंभीच्या शाळांत तिची गणना होते. स्त्रीशिक्षिका कोठून आणावी ही मोठीच अडचण होती. ती त्यांनीं आपल्या घरांतच सोडविली. पत्नी सावित्रीबाई यांस त्यांनीं स्वतः लिहावयास व वाचावयास शिकविलें होतें. त्याच आतां शिक्षिका झाल्या.

मुलींनीं शिकावें हें त्या वेळच्या समाजास मुळींच मानवत नव्हतें. सावित्रीबाई शाळेस जाऊं लागल्या म्हणजे लोक त्यांच्या अंगावर चिखल व शेण फेंकीत. त्या जवळ दुसरें लुगडें बाळगीत आणि शाळेंत पोहोंचल्यावर तें नेसून धडा सुरू करीत. पुढें लोकांनीं गोविंदरावांवर दडपण आणलें. वृद्ध पित्याचा निरुपाय झाला आणि १८४९ मध्यें ह्या दांपत्यास घर सोडावें लागलें. शाळेच्या कामांत कांहीं काळ खंडही पडला. परंतु ३ जुलै १८५१ रोजीं त्याच बुधवार पेठेंत, चिपळूणकरांच्या वाड्यांत, मुलींची शाळा पुनः उभी राहिली. तिच्यामागून रास्ता पेठेंत व वेताळ पेठेंत आणखी शाळा निघाल्या. महार, मांग इत्यादि जातींच्या मुलांमुलींकरितांही शाळा सुरू झाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबाग वाड्यांत सरकारतर्फें जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव करण्यांत आला. त्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या एका विद्यार्थिनीनें आपल्या समाजाच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ज्ञानोदय पत्रांत छापून आला. त्या निबंधास आम्ही शालजोडीहून मोठा मान समजतों. त्याच वर्षीं फुले दांपत्यानें दिवसां राबणाऱ्या लोकांकरितां रात्रीची शाळाही काढली.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. तिच्या पुढील भाग मात्र फारसा कोणी सांगत नाहीं. ह्या शाळांचा कारभार पुढें मंडळीच्या हातीं गेला आणि कालांतरानें जोतीराव त्यांतून बाहेर पडले. १८८२ सालीं सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग चौकशी करीत होता. त्या वर्षाच्या १९ ऑक्टोबरच्या निवेदनांत जोतीरावांनीं निःसंकोचपणें नमूद केलें कीं, महारमांगांची शाळा अद्याप चालू असली तरी तिची स्थिति समाधानकारक नाहीं. आपणच लावलेल्या रोपाची अशी अवस्था सांगण्यास मनाचा मोठेपणा लागतो. दुसरा कोणी पूर्वीच्या गौरवाच्या गोष्टी सांगत बसला असता. जोतीरावांनीं शाळा कां खालावतात आणि त्या सुधाराव्या कशा, ह्याचा विचार सरकारपुढें मांडला.

त्यांचें पहिलें म्हणणें असें होतें कीं, सरकारचा बहुतेक महसूल शेतकऱ्याच्या श्रमांतून येतो. मग त्याचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर कां व्हावा? निदान बारा वर्षें वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें. शिक्षक अध्यापनाचें रीतसर शिक्षण घेतलेले असावे. ते होतां होईतों शेतकरी वर्गांतून यावे, नांगर किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्यांस लाज वाटूं नये. अशा शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं पंधरा ते वीस असावा. कारण पोटास न मिळणाऱ्या शिक्षकाकडून चांगल्या शिकवण्याची अपेक्षा करतां येत नाहीं. अभ्यासक्रमांत मोडी व बाळबोध लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण ह्यांच्या जोडीला शेतीचें प्राथमिक ज्ञान, नीतीचे धडे आणि आरोग्याचे नियम असावे; शेतीच्या धड्यांसाठीं शाळेजवळ लहानसें नमुन्याचें शेत असावें. तपासणी वर्षांतून एकदां होते ती निरुपयोगी. निदान दर तीन महिन्यांनीं व्हावी, आणि अधिकाऱ्यांनीं आगाऊ वर्दी न देतांही शाळेस भेट द्यावी. ज्यानें स्वतः फळ्यापुढें उभें राहून शिकविलें आहे, त्यासच हे बारकावे सुचतात. जोतीरावांनीं कांहीं वर्षें मिशनच्या मुलींच्या एका वसतिगृह-शाळेंतही शिक्षकाचें काम केलें होतें.

सक्तीच्या शिक्षणाची त्यांची मागणी त्या वेळीं मान्य झाली नाहीं. १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचें काम ते करीत राहिले. १८८८ सालीं मुंबईस लोकांनीं त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षीं पक्षाघातानें उजवा हात लुळा पडला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लिहून आपलें शेवटचें पुस्तक पुरें केलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं त्यांनीं देह ठेविला. सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगांत रुग्णांची सेवा करतां करतां गेल्या. परंतु मागणी मात्र जिवंत राहिली. १९१७ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशांत अंमलांत येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावें लागलें. निवेदनापासून ह्या दिवसापर्यंत एकशें सत्तावीसहून अधिक वर्षें लोटलीं होतीं!

भिडेवाडा फार मोडकळीस आला होता. न्यायालयांतील दीर्घ वादानंतर डिसेंबर २०२३ मध्यें तो पाडण्यांत आला व ती जागा स्मारकाकरितां घेण्यांत आली. भिंती पडतात आणि नव्या बांधतां येतात. शिक्षक, अभ्यास, देखरेख आणि शाळेंतून न काढलेलें मूल, ह्या चार गोष्टींची काळजी मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें वाहावी लागते.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, प्रगतिपुस्तकावर सही करून आपलें कर्तव्य संपलें असें त्यांनीं मानूं नये. वर्गांत काय शिकवितात, शिक्षकांस काय कमी पडतें, ह्याची त्यांनीं आस्थेनें विचारपूस करावी. शेजारचें एखादें मूल शाळेंतून काढलें जात असेल, तर गफारबेग व लिजिट साहेब यांचें स्मरण ठेवून त्याच्या वडिलांकडे जावें. आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज ज्या बांकावर बसतां तें कोणीतरी तुमच्याकरितां राखून ठेविलें आहे. तुमच्यामागून येणाऱ्यांस तें अधिक चांगल्या स्थितींत मिळेल असें वागा. महात्मा फुले यांचें ऋण फेडण्याचा ह्याहून चांगला मार्ग आम्हांस दिसत नाहीं.